चार वर्षांच्या मुलाची 'एडीएचडीची टेस्ट': एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईचा मुलगा 21 डिसेंबरला चार वर्षांचा झाला. तो ज्युनिअर केजीत आहे. टीचरची तक्रार आहे की तो एका जागी बसत नाही, रांग मोडतो, मुलांना ढकलतो. शाळेने सांगितलंय, 'एडीएचडीची (लक्ष न लागणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांच्या विकाराची) टेस्ट करून रिपोर्ट आणा.' सासूबाई म्हणतात, याचा बापही असाच होता, काही होत नाही. नवरा म्हणतो, शाळा बदलू. आईला विचारायचंय की टेस्ट कुठे होते आणि गोळ्या सुरू कराव्या लागतील का.

ताई, 'टेस्ट' या शब्दापासूनच सुरुवात करते, कारण निम्मी धावपळ त्याच्यामुळे होते. साखर तपासली आणि आकडा हातात आला, तशी एडीएचडीची तपासणी नसते. रक्तात ते दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. फिट्सची शंका असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढतात, पण तो फिट्ससाठी. 'ब्रेन मॅपिंग' म्हणून मेंदूची रंगीत चित्रं काढून देणारे लोक तुम्हाला भेटतील. त्या चित्रांवरून चार वर्षांच्या मुलाचं निदान होत नाही. ते पैसे वाचवा, पुढे लागतील.

निदान होतं ते माहितीवरून. मूल घरी कसं असतं, शाळेत कसं, आजीकडे कसं, हे कधीपासून चाललंय, आणि त्याचं स्वतःचं त्यात काय नुकसान होतंय, हे सगळं नीट गोळा करायचं, मग त्याला प्रत्यक्ष पाहायचं, आणि असंच दिसणारी दुसरी कारणं एकेक करून तपासायची. याला माझ्याकडे साधारण तीन-चार भेटी लागतात आणि मधे काही आठवडे जातात. पहिल्याच भेटीत वीस मिनिटांत कोणी 'हो, एडीएचडी आहे' किंवा 'छे, काही नाही' म्हणालं, तर दोन्ही उत्तरांवर विश्वास ठेवू नका.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी तुम्ही सहज लिहून गेलात: 21 डिसेंबर. आपल्याकडे शाळाप्रवेशाचं वय 31 डिसेंबरला धरतात. म्हणजे तुमचा मुलगा त्या वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. त्याच बाकावर जानेवारीत जन्मलेलं मूल आज पाच वर्षांचं आहे. मोठ्यांमध्ये एका वर्षाने काही फरक पडत नाही, पण या वयात एक वर्ष म्हणजे तुमच्या मुलाच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. टीचर नकळत त्याची तुलना त्या पाच वर्षांच्या मुलाशी करतात. यात त्यांचा दोष नाही, समोर पस्तीस मुलं असली की कोण बसलंय आणि कोण उठलंय एवढंच दिसतं. अमेरिकेत जिथे 1 सप्टेंबर ही प्रवेशाची तारीख आहे, अशा राज्यांतल्या मुलांचा मोठा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना एडीएचडीचं निदान सप्टेंबरात जन्मलेल्यांपेक्षा 34 टक्के जास्त मिळालं होतं. मुलांचा मेंदू काही जन्माच्या महिन्यावरून बिघडत नाही. लहान असणं आणि आजारी असणं यात गल्लत झाली होती.

म्हणून कोणत्याही वागण्याकडे बघताना माझा पहिला प्रश्न असतो: हे वर्गाच्या मानाने जास्त आहे, की वयाच्या मानाने? चार वर्षांचं पोर धावणार, मधेच बोलणार, खेळणं हिसकावणार, दहा मिनिटांत कंटाळणार. ही यादी आणि एडीएचडीच्या लक्षणांची यादी बरीचशी सारखीच दिसते, आणि या वयात निदान अवघड होतं ते म्हणूनच.

जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-5 या निकषांत दोन गट आहेत: लक्ष न लागणं, आणि अतिचंचलता व उतावळेपणा. प्रत्येकात नऊ लक्षणं. एका गटातली कमीत कमी सहा लक्षणं, किमान सहा महिने, वयाला न शोभणाऱ्या प्रमाणात, आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत. शिवाय त्यामुळे मुलाचं काहीतरी अडलं पाहिजे. हे 'अडणं' पालक सांगायला विसरतात, म्हणून मी मुद्दाम विचारते. त्याला वाढदिवसाला बोलावणं बंद झालंय का? टाके पडण्याइतकं कितीदा लागलंय? बागेत दुसऱ्या मुलांच्या आया त्याला बघून आपली मुलं उचलून नेतात का? शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच आयांचे डोळे भरतात.

'दोन ठिकाणी' ही अटही उगाच नाही. फक्त शाळेत त्रास आणि घरी, पाळणाघरात, गावाला सगळं ठीक असेल, तर मी आधी शाळेकडे बघते. आपल्या ठाण्यात हे फार दिसतं: घरी पूर्ण मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. टीचर म्हणतात, 'एव्हरीबडी, कीप युअर बॅग्ज अँड स्टँड इन अ लाइन.' चौतीस मुलं उठतात, हा बसून राहतो, किंवा दप्तर घेऊन दाराकडे पळतो. टीचर लिहितात, 'सूचना पाळत नाही.' त्याला ती सूचना कळलेलीच नसते. घरी एक करून पाहा. त्याच्याकडे पाठ करून, बोट न दाखवता, साध्या आवाजात मराठीत सांगा, 'आजीची चप्पल आण आणि दाराजवळ ठेव.' दोन्ही कामं त्याने केली, तर ऐकणं आणि समजणं बऱ्यापैकी आहे. मग शाळेतली अडचण भाषेची असू शकते. मराठीतही त्याला दोन कामांची सूचना कळत नसेल, तर आधी भाषेची तपासणी हवी, लक्षाची नंतर.

ऐकण्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे माझ्याकडून चूक झाली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत साडेतीन वर्षांची एक मुलगी आली होती. हाक मारली तर बघत नाही, सतत इकडून तिकडे, मुलांच्या अंगावर पडते. माझ्या खोलीत मात्र माझ्याशी बोलायची, म्हणून ऐकण्याची शंकाही आली नाही. फाइलवर मी 'अतिचंचलता' लिहून प्रश्नचिन्ह टाकलं आणि सहा महिन्यांनी बोलावलं. आठ महिन्यांनी ती आली ती कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. सततच्या सर्दीने दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. माझी खोली शांत, मी समोर बसून तोंडाकडे बघत मोठ्याने बोलणारी. तिथे तिला ऐकू येत होतं. वर्गाच्या गोंगाटात येत नव्हतं. त्या आठ महिन्यांत तिने घरी आणि शाळेत किती बोलणी खाल्ली असतील, हे मला आजही आठवतं. तेव्हापासून श्रवण तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय मी एडीएचडीचा विषय काढत नाही. तुम्हीही तो आधी करून घ्या. किती ऐकू येतं ते मोजणारी ऑडिओमेट्री आणि पडद्यामागचं पाणी पाहणारी टिम्पॅनोमेट्री, दोन्ही. खाजगीत जमत नसेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे हेच काम होतं.

दुसरी गोष्ट झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते. आता तुमच्याकडचं वेळापत्रक मी अंदाजाने सांगते, चुकलं तर दुरुस्त करा. तुम्ही दोघं मुंबईहून आठ-साडेआठला घरी पोचता, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये कधी नऊ. दिवसभर न दिसलेले आईबाबा आले म्हणून पोर जागं राहतं. जेवण, थोडा मोबाइल, साडेअकरा. सकाळी साडेसहाला उठवायचं, व्हॅन सव्वासातला. झाले सात तास. मोठा माणूस झोप कमी झाली की पेंगतो. लहान मूल उलट सैरावैरा होतं, चिडतं, हात उगारतं. हुबेहूब अतिचंचल दिसतं. तो घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत घामेजून कूस बदलत राहत असेल, तर अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) आणि टॉन्सिल दाखवून घ्या. झोपेचा रात्रीचा व्हिडिओ काढून नेलात तर डॉक्टरांना बोलण्यापेक्षा जास्त कळतं.

रक्तात फक्त दोन गोष्टी बघते, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या 67 टक्के मुलांत रक्त कमी आढळलं होतं. टॉवरमधली मुलं त्यातून सुटत नाहीत. दिवसाला चार कप दूध आणि बाकी जेवायला नको म्हणणारी बरीच मुलं त्यात असतात. लोह कमी असलं की मूल किरकिरं आणि अस्वस्थ राहतं. साखरेबद्दल मात्र लोक विचारतात तेवढं तथ्य नाही. चॉकलेट दिल्याने मूल अतिचंचल होतं हे अनेक नीट केलेल्या प्रयोगांत सिद्ध झालेलं नाही. दातांसाठी कमी करा, ते वेगळं.

या सगळ्याबरोबर मी मुलाला खेळवून बघते. ऐरोलीचा एक मुलगा, तुमच्या मुलाएवढाच. खोलीत आल्या आल्या गाड्यांचा डबा उपडा केला, एक गाडी दोनदा फिरवून टाकली, टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढला आणि खिडकीच्या ग्रिलवर चढला. चार मिनिटं झाली होती. आई त्याच्या मागे मागे, पर्स अजून खांद्यालाच. मी साबणाच्या फुग्यांची बाटली काढली आणि त्याला म्हटलं, मी एक-दोन-तीन म्हणेन, तीनला फुगा फोडायचा. 'दोन'लाच त्याने फोडला, आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघून हसला. परत केलं, परत 'दोन'ला. तिसऱ्यांदा त्याचे दोन्ही हात मी माझ्या हातात धरले. तो आवंढा गिळत, ओठ दाबून, माझ्या तोंडावरची नजर न काढता थांबला, आणि 'तीन'ला उडीच मारली. या खेळातून मला बरंच कळलं. त्याला नियम कळला होता. पाळायचाही होता. माझ्याकडे बघून आनंद वाटून घेत होता. ब्रेक मात्र लागत नव्हता, आणि कोणीतरी हात धरला की लागत होता. दुसरं एखादं मूल याच खेळात माझ्याकडे एकदाही बघत नाही, फुग्याची कडी बोटात फिरवत बसतं, हाकेला वळत नाही. तिथे मी स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी आधी करते. दोघांनाही शाळेने 'एका जागी बसत नाही' हेच लिहून पाठवलेलं असतं.

नव्या जागी काही मुलं पहिल्या भेटीत अगदी शहाण्यासारखी बसतात, तेव्हा माझ्याकडे तो शांत बसला म्हणून काही नाही असंही मी ठरवत नाही. म्हणून पालकांना तीन छोटे व्हिडिओ मागते: जेवताना, एकटा खेळताना, इतर मुलांबरोबर खेळताना. शाळेसाठी आणि घरासाठी प्रश्नावल्याही असतात. एक बघून घ्या: मोठ्या मुलांसाठीची प्रश्नावली तुमच्या हातात देत असतील तर विचारा, ही या वयाची आहे का. 'गृहपाठ पूर्ण करत नाही' या प्रश्नाला चार वर्षांच्या मुलाची आई काय उत्तर देणार?

टीचरना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, भांडायला नको. विचारा: तो कधी उठतो, दिवसाच्या सुरुवातीला की डब्याआधी? कशात बसतो? मातीच्या गोळ्यांशी खेळताना पंधरा मिनिटं बसत असेल तर ती नोंद महत्त्वाची. ढकलतो ते कोणाला, आणि त्याच्या आधी काय झालेलं असतं? 'मस्तीखोर', 'हट्टी', 'वांड' हे शब्द मला उपयोगाचे नाहीत. 'गोलात बसलो की दोन मिनिटांत उठतो, हात धरून बसवलं की आणखी पाच मिनिटं बसतो' हे वाक्य उपयोगाचं.

सासूबाईंचं म्हणणं सोडून देऊ नका. एडीएचडी घराण्यात चालतो, बऱ्याच ठळकपणे. बाबा असेच होते ही माहिती शंकेला बळ देते, कमी करत नाही. सासूबाईंना विचारा, बाबा शाळेत कसे होते, किती वस्तू हरवायचे, कितीदा हाड मोडलं. मी बाबांनाही एका भेटीला बोलावतेच. आणि 'मोठा झाला की सुटेल' हे सरसकट खरं नाही. अमेरिकेत तीन ते साडेपाच वर्षांच्या, काटेकोर तपासणी करून निदान झालेल्या मुलांवर मोठा अभ्यास झाला. सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा दहापैकी जवळपास नऊ मुलांत निदान कायम होतं. वरवर चिकटवलेलं लेबल गळून पडतं, पण नीट झालेलं निदान सहसा टिकतं. म्हणूनच ते घाईत करायचं नाही आणि टाळायचंही नाही.

आता गोळ्यांबद्दल. या वयात सुरुवात गोळ्यांनी करत नाहीत. अमेरिकन बालरोग अकादमीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना चार वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहेत, आणि चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणून त्या पालकांचं प्रशिक्षण सांगतात. त्याने पुरेसा फरक पडला नाही आणि त्रास मध्यम ते तीव्र असेल, तरच मिथाइलफेनिडेट हे औषध. ब्रिटनमध्ये पाच वर्षांखाली औषध द्यायचं तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्यावं लागतं. तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांच्या मघाच्या अमेरिकन अभ्यासात औषधाचा फायदा झाला, पण शाळकरी मुलांपेक्षा कमी, आणि चिडचिड, भूक कमी होणं, झोप उडणं हे त्रास जास्त. त्यापायी सुमारे 11 टक्के मुलांना औषध सोडावं लागलं. मी औषधाच्या विरोधात नाही. रस्त्यावर हात सोडून पळणारं, दोनदा डोकं फुटलेलं पाच वर्षांचं मूल प्रशिक्षणानंतरही तसंच असेल, तर मी अगदी कमी मात्रेपासून औषध देते आणि दर महिन्याला वजन-उंची मोजते. तुमच्या मुलाच्या बाबतीत आज तो प्रश्नच नाही.

पालकांचं प्रशिक्षण म्हटलं की काही आईवडिलांना वाटतं, आपल्याला दोषी ठरवतायत. तसं नाही. तुमच्या वागण्याने एडीएचडी होत नाही. पण ज्या मुलाचा ब्रेक उशिरा लागतो, त्याला मोठ्यांनी वेगळ्या पद्धतीने सांगावं लागतं, आणि ती पद्धत शिकता येते. निदान हो निघो की नाही, त्या पद्धतीने नुकसान काहीच नाही, म्हणून निदानासाठी थांबू नका. सकाळचंच उदाहरण घ्या. स्वयंपाकघरातून 'आवर रे लवकर, व्हॅन येईल' असं अकरा वेळा ओरडणं. त्याऐवजी गॅस बारीक करून त्याच्याजवळ जा, गुडघ्यावर बसा, खांद्याला हात लावा आणि एवढंच म्हणा, 'डावा बूट घाल.' पाच सेकंद थांबा, मधे बोलू नका. घातला की त्याच क्षणी: 'एकदा सांगितलं आणि घातलास!' मग उजवा. 'शहाणा गं माझा तो' यापेक्षा त्याने नेमकं काय केलं ते बोलून दाखवणं जास्त लागू पडतं. एका वेळी एकच सूचना, आणि ती प्रश्नासारखी विचारायची नाही. 'बूट घालतोस का?' म्हटलं तर 'नाही' हे बरोबर उत्तर आहे.

रोज दहा मिनिटं त्याच्याबरोबर जमिनीवर बसून खेळा. खेळ त्याने ठरवायचा, तुम्ही शिकवायचं नाही, 'हा रंग कोणता?' विचारायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत. दिवसभर ज्याला फक्त 'नको, थांब, पडशील' ऐकू येतं, त्याला ही दहा मिनिटं किती लागतात ते आठवड्याभरात दिसेल. लाडाने किंवा रागाने काही मिळवायला तो ओरडत असेल आणि तुम्ही दुर्लक्ष करायचं ठरवलं असेल, तर पहिले काही दिवस तो जास्त ओरडेल. तिथेच घरं हार मानतात, बहुतेक वेळा आजी मधे पडते म्हणून. आजीला आधीच सोबत घ्या, नियम तिघांचा एक असू द्या. मारू नका. ढकलणाऱ्या मुलाला फटका दिला की तो आणखी जोरात ढकलायला शिकतो. साधारण आठ ते दहा आठवडे हे नीट केलं की मला त्याच्याबद्दल कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त कळतं. आणि ग्रिल, बाल्कनी, गच्चीचं दार आजच बघा. उतावळं मूल आणि चौदावा मजला हा विषय उद्यावर टाकायचा नाही.

कुठे जायचं? विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ, यांपैकी कोणीही चालेल. सोबत बालमानसशास्त्रज्ञ आणि गरज असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ. खारघरला बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. एकूण विकासच मागे वाटत असेल तर तिथलं मूल्यमापन उपयोगी पडतं.

शाळा लगेच बदलू नका. तिथे त्याला मारत किंवा सगळ्यांसमोर अपमान करत असतील तर गोष्ट वेगळी. तसं नसेल तर जानेवारीत नवी शाळा, नव्या टीचर, नवी मुलं, आणि तिथलं वागणं तपासताना माझ्या हाताशी जुनं काहीच नाही, असं होईल. शाळेला आत्ता 'मूल्यमापन सुरू आहे, दोन महिन्यांनी कळवू' एवढं डॉक्टरांच्या कागदावर लिहून द्या. आणि त्या मधल्या काळात त्याला टीचरच्या जवळ, दाराखिडकीपासून लांब बसवा, गोलाच्या तासाला मधेच उठून खडू वाटायचं काम द्या, अशी विनंती करा. चांगल्या टीचर हे करतात, अनेक जणी न सांगताही करतात.

येताना एक वही आणा. दोनशे पानी लागत नाही. उजव्या पानावर रोज झोपायची आणि उठायची वेळ, घोरला का, मोबाइल किती वेळ. डाव्या पानावर दिवसातला एक त्रासाचा प्रसंग आणि एक असा प्रसंग जिथे तो थांबला, बसला, ऐकला. दुसरा प्रसंग सापडत नाही असं वाटेल त्या दिवशीही शोधा. तीन आठवड्यांचं लिहून झालं की कानाचा रिपोर्ट आणि ती वही घेऊन या. मूल्यमापन आपण तिथून पुढे करू.